बाराव्या ओळीतला मासा

पान दोनशे चौदा, तक्ता सात, ओळ बारावी. मंजरी रंजितकारचं बोट तिथे येऊन थांबलं. वरच्या अकरा ओळींवरून ते सकाळच्या सुस्तीत घसरत आलं होतं. सहर, असला, कत्ले, बुदुना, गर्दी, बाम, सगळे डोंगरी नद्यांत असतात तसे नेहमीचे मासे, पुढे लांबी, त्यापुढे सामान्य की दुर्मिळ. आणि बाराव्या ओळीत लिहिलं होतं, रुंचे. लांबी एक वीत. दुर्मिळ. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला. रुंचे तिथेच होती. शेजारच्या रकान्यात तर कुणीतरी तिला लॅटिन नावसुद्धा देऊन टाकलं होतं, दोन शब्दी, तिरप्या अक्षरात, एखाद्या पोरक्या मुलीला लग्नाआधी घाईघाईने आडनाव चिकटवावं तसं. रुंचे नावाचा मासा या देशातल्या कुठल्याच नदीत नव्हता. आज नाही, पूर्वीही नाही. ती कागदावर कशी आली हे ठाऊक असलेली माणसं दोनच. एक थाक्ले नदीवरचा नावाडी होता, आणि दुसरी ती स्वतः.

अहवाल सिलुंग नदीवरच्या मोठ्या धरणाचा होता. साडेसहाशे पानं, निळा पुठ्ठा. धरण झालं तर जंगलाचं काय, माशांचं काय, खोऱ्यातल्या चारशे सत्तर घरांचं काय, हे सगळं त्यात लिहिलेलं असायला हवं होतं. उद्या अकरा वाजता योजना आयोगाची बैठक होती. तिथे धरणाला पंचवार्षिक योजनेत जागा मिळायची होती, आणि त्याआधी, म्हणजे आज पाच वाजेपर्यंत, पर्यावरण विभागाच्या उपसचिव म्हणून मंजरीने टिपणीवर एक ओळ लिहायची होती. समाधानकारक, किंवा समाधानकारक नाही. या विभागात येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. त्याआधीची सगळी वर्षं शिक्षण, रस्ते, आकडेवारी अशी टेबलं फिरण्यात गेली होती. परवापासून दसैंची, म्हणजे दसऱ्याची सुट्टी. काठमांडू निम्मं रिकामं झालं होतं. राणांच्या काळच्या, आता सरकारी कचेऱ्या असलेल्या या पांढऱ्या दरबाराच्या व्हरांड्यांत एरवी माणसांची रीघ असायची, आज नुसते पंखे फिरत होते, आणि खिडकीबाहेर असोजच्या, म्हणजे आश्विनातल्या, धुतल्यासारख्या आभाळात पतंग इतके वर गेले होते की ते उडतायत की तिथेच अडकलेत ते कळत नव्हतं.

"हिक्मतजी," ती म्हणाली, "धरणांचे जुने अहवाल कुठे आहेत?"

समोरच्या टेबलावर नायब सुब्बा, म्हणजे विभागाचे जुने कारकून, हिक्मत बुढा पेन्सिलीने कान कोरत बसले होते. पन्नाशी ओलांडलेले, कर्णालीकडचे. गावी पोचायला त्यांना तीन दिवस लागायचे म्हणून दरवर्षी दसैंला ते गावी न जाता सगळ्यांच्या वाटचं काम करायचे आणि त्याबद्दल सगळ्यांना टोमणे मारायचे. "कपाटात. वरच्या खणात. का? वाचणार आहात की काय?"

"बघायचेत."

"बघा बघा. पाली असतील, जरा जपून. त्यांची झोपमोड व्हायची."

त्यांनी स्टुलावर चढून एकेक निळा पुठ्ठा खाली दिला आणि मंजरीने उभ्याउभ्याच प्रत्येकात माशांचा तक्ता शोधला. पहिल्यात नव्हती. दुसऱ्यात होती. चौथ्यात, पाचव्यात, सातव्यात, आणि पुढच्याही काही पुठ्ठ्यांत होती. पूर्वेकडच्या नदीत, पश्चिमेकडच्या नदीत, एका तर इतक्या वरच्या, बर्फाच्या नदीत होती की तिथे थंड पाण्याला सरावलेला असलासुद्धा कुडकुडत असेल. सगळीकडे बारावी ओळ. सगळीकडे एक वीत, सगळीकडे दुर्मिळ. बावीस वर्षांत एक वीतभर मासा पोहत पोहत सात नद्यांत शिरला होता, डोंगर ओलांडून, पाण्याचा थेंबही न लागता, कागदावरून कागदावर. तिला हसू यायला हवं होतं. ती खुर्चीत बसली. समोर चहाचा ग्लास होता, त्यावर साय धरली होती, आणि सायीखाली चहा हलत होता की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. संवत दोन हजार सत्तावन्न, चैत. एका सल्लागार कंपनीत साहाय्यक, पहिलीच नोकरी, नवेकोरे बूट, पाठीवर पिशवी, हातात छापील फॉर्म. निघताना साहेबांनी बजावलं होतं, "माशांच्या तक्त्यात बारा ओळी आहेत, बाराच्या बारा भरायच्या. एक ओळ रिकामी दिसली की वरून प्रश्न येतो, आणि प्रश्न आला की सहा महिने जातात." थाक्लेच्या काठी माझीबगर नावाची वस्ती होती, नावाड्यांची नि कोळ्यांची, वाळूच्या पट्ट्यावर पस्तीस-चाळीस घरं. नदी हिरवी होती. मंजरीने हिरवी नदी पहिल्यांदाच पाहिली होती. ती रंगाऱ्यांच्या घरातली. आजोबांच्या हातची शेवटची भट्टी तिने लहानपणी पाहिली होती, विष्णुमतीच्या काठी धुतलेली कापडं, आणि पाण्यात खालपर्यंत जाणारी लाल, निळी, हळदी रेघ. नदीला रंग माणूस देतो असंच तिला वाटायचं. पुढे विष्णुमती काळी झाली, भट्टी बंद पडली, आणि त्याचा कुणी अहवालबिहवाल लिहिला नाही. एक दिवस आजोबा नुसते काठावरून परत आले आणि म्हणाले, आज कापड धुतलं तर अजून मळेल. म्हणून थाक्लेचा तो स्वतःचा, कुणी न दिलेला हिरवा रंग पाहून ती नावेत बसल्याबसल्या वेडी झाली होती. सारखा हात पाण्यात घालत होती.

"बैनी, हात काढ, नाव कलते," सेते माझी म्हणाला होता. चाळिशीचा असेल, काळासावळा, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि नाव मात्र सेते, म्हणजे गोरा. आईने काय बघून ठेवलं कुणास ठाऊक, असं तो स्वतःच सांगायचा. एका लाकडातून कोरलेली ती नाव तो उभ्याने हाकत होता, काठावर चार-पाच बाया जाळी सुकवत बसल्या होत्या, आणि मंजरी विचारत होती, हा कुठला मासा, तो कुठला, किती लांब, किती मिळतो. अकरा झाले. "अजून?" "झाले की." "अजून एक तरी असेल." "का गं, बारावा नसला तर सरकार उपाशी राहणार आहे?" काठावरच्या बाया खिदळल्या. मग सेतेने वल्हं थांबवलं, चेहरा अगदी गंभीर केला आणि म्हणाला, "एक आहे. पण दिसत नाही कुणाला. रुंचे." रुंचे म्हणजे रडवी. "गावातलं कुणी गाव सोडून जाणार असलं की वर येते आणि रडते. एवढी असते," त्याने हाताची वीत दाखवली, "आमची सासू गेली तेव्हा नाही रडली, म्हणजे बघ किती शहाणी." काठावर हसण्याचा नुसता फुगा फुटला. मंजरीही हसली. आपली चेष्टा चालली आहे हे तिला स्वच्छ कळत होतं. ते कळत असतानाच तिने पेनचं टोपण काढलं आणि बाराव्या ओळीत लिहिलं, रुंचे, एक वीत, दुर्मिळ. नदी चमकत होती, तिची पहिली नोकरी होती, आणि तक्ता पूर्ण भरला की कसं बरं वाटतं ते ज्याने तक्ते भरलेत त्यालाच ठाऊक. सेतेने वाकून बघितलं. त्याला वाचता येत नव्हतं. "लिहिलंस?" "लिहिलं." "खरंच?" त्याने असं विचारलं तेव्हा तो हसत नव्हता. ते तिला तेव्हा दिसलं नव्हतं. गेल्या तासाभरात, सायीच्या चहासमोर बसून, दिसलं.

अर्याल सरांच्या खोलीत जाताना निळा पुठ्ठा तिने छातीशी धरला होता, शाळेत बाईंकडे दुसऱ्याची तक्रार घेऊन जाताना धरायची तसा. सहसचिव बोधराज अर्याल वाईट माणूस नव्हते. सिगारेट सोडल्यापासून गालात छुर्पीचा खडा ठेवायचे, याकच्या दुधाचा तो दगडासारखा तुकडा दिवसभर पुरायचा, आणि बोलताना तो या गालातून त्या गालात गेला की समजायचं सर विचार करतायत.

"एका माशासाठी, मॅडम? दसैंच्या तोंडावर?"

"माशाचा प्रश्न नाही, सर. हा मासा इथे आहे म्हणजे नदीवर कुणी गेलेलंच नाही. तक्ता दुसरीकडून उचललाय. मासे मोजले नाहीत तर झरे तरी मोजले का? घरं मोजली का? चारशे सत्तर हा आकडा तरी नक्की कुठल्या गावाचा आहे?"

"मासा नाही हे कशावरून?"

खडा या गालातून त्या गालात गेला. भिंतीवर योजनेचा नकाशा होता, त्यात सिलुंगवर एक लाल टाचणी टोचलेली होती, नि टाचणीचं डोकं त्या सगळ्या खोऱ्यापेक्षा मोठं होतं. आता सांगायचं होतं. चार शब्द होते: सर, तो मी बनवला. जिभेवर आलेही. पण त्यांच्यामागून बाकीचं सगळं रांगेने येऊन उभं राहिलं, सात नद्या, सात निळे पुठ्ठे, बढतीच्या यादीतलं तिचं तिसरं नाव, थाक्लेच्या अहवालाखालची तिची पहिली सही, आणि त्या गर्दीत ते चार शब्द दाराशीच चेंगरले.

"बावीस वर्षं झाली सर, पहिला अहवाल लिहून," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. बावीस वर्षांत तुम्ही सगळे मासे बघितलेत? मी साठीला आलो, आमच्या सौ. रोज नवीन काहीतरी दाखवतात." सर हसले, आणि फोन उचलून सल्लागार कंपनीच्या पंथीला म्हणाले, "पंथीजी, तुमचा मासा आमच्या मॅडमना चावलाय. चार वाजेपर्यंत येऊन दात काढून जा." फोन ठेवून ते जरा हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे धरण झालं नाही तर या दरबारातले दिवे कसे लागणार ते पण लिहा कुठेतरी. मी काही त्या चारशे सत्तर घरांचा शत्रू नाही." आणि ते खरंच होतं, ते नव्हतेच शत्रू, शत्रू असते तर किती सोपं गेलं असतं.

दुपारी हिक्मतजींनी वर्तमानपत्रावर चिउरा, म्हणजे कोरडे पोहे, नि उकडलेले चणे मांडले आणि निम्मे तिच्याकडे सरकवले. "खा. रिकाम्या पोटी अहवाल वाचू नये, खरे वाटायला लागतात." तिने दोन दाणे चघळले. घरून आईचा फोन आला. घटस्थापनेला पेरलेला जमरा, जवाचे ते कोंब, यंदा नीट उगवत नाहीये, पिवळा पडण्याऐवजी काळपट पडतोय, दुकानातल्या पिशवीतल्या वाळूत पेरलं की हे असंच होणार, नदीची वाळू ती नदीची वाळू. "कुठल्या नदीची आणू, आई?" मंजरीने विचारलं. आई म्हणाली, येताना आलं आण.

फोन ठेवताना तिची नजर खिडकीकडे गेली आणि लगेच परत आली. त्या खिडकीत ती गेली सोळा वर्षं उभी राहिली नव्हती. टेबलं बदलली, विभाग बदलले, आणि तीन महिन्यांपूर्वी फिरून नेमकी हीच खोली वाट्याला आली तेव्हा तिने खुर्ची खिडकीकडे पाठ करून लावून घेतली. हिक्मतजींना सांगितलं, उजेड डोळ्यांवर येतो. सोळा वर्षांपूर्वीही असाच कुठलातरी सणाआधीचा दिवस होता. ती तेव्हा सरकारी नोकरीत नुकतीच लागली होती, थाक्लेचं धरण भरून माझीबगर पाण्याखाली गेलं होतं, आणि फाटकावरून शिपाई एक चिठ्ठी घेऊन आला. भेटायला आलेल्याची चिठ्ठी, छापील, रकाने असलेली, पहारेकऱ्याच्या अक्षरात भरलेली. नाव: सेते माझी. गाव: या रकान्यात काहीच नव्हतं, नुसती एक रेघ. काम: रुंचे सापडली म्हणून सांगायचं आहे. चिठ्ठी वाचून मंजरी खिडकीशी गेली. खाली, फाटकाबाहेर, शिरीषाच्या झाडाजवळ तो उभा होता. टोपी होती. पायांत बूट होते, हे तिच्या अजून लक्षात आहे, त्याच्या पायांत बूट पाहून तिला काय वाटलं ते तिला कधीच नीट सांगता आलं नसतं. आणि छातीशी एक गोणपाटाची गुंडाळी धरली होती, बाळ धरावं तशी, दोन्ही हातांनी. तिने शिपायाला सांगितलं, मीटिंगमध्ये आहे म्हण. मग ती तिथेच उभी राहिली. तो दीड तास थांबला. एकदाही बसला नाही. आपण त्याला दिसत नाही, हे तिने स्वतःला तेव्हाच समजावलं होतं. मध्ये झाड आहे, खिडक्या शेकडो आहेत, सगळ्या सारख्या, ऊन काचेवर आहे. गोणपाटात काय होतं? कधी तिला वाटायचं सुकवलेला सहर असेल, भेट म्हणून आणलेला. कधी वाटायचं वल्ह्याचा तुकडा असेल. एकदा तापात असताना तिला दिसलं होतं की गोणपाट ओलं आहे आणि आतून काहीतरी बारीक आवाजात रडतंय, आणि तिने आईला हाका मारून उठवलं होतं. तो परत आला नाही. गावाच्या रकान्यातली ती रेघ मात्र अधूनमधून येत राहिली, कुठलाही फॉर्म भरताना, बँकेत, दवाखान्यात, पेन कागदावर टेकलं की आधी ती रेघ दिसायची, मग अक्षरं.

सव्वाचारला पंथी आला. सरोज पंथी, तिशीचा असेल-नसेल, इस्त्रीचा कोट, हातात मुस्तांगच्या सफरचंदांची पिशवी. ती पिशवी त्याने हिक्मतजींच्या टेबलावर ठेवली, मंजरीच्या नाही. एवढी त्याला समज होती.

"मॅडम, आधी एक सांगू? मी तुमचा विद्यार्थी आहे."

"मी कुठे शिकवत नाही."

"थाक्लेचा अहवाल तुमचाच ना? आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या दिवशी तोच देतात. म्हणतात, असा लिहायचा, एक ओळ रिकामी नाही. मी पाठ केलाय तो जवळजवळ." त्याच्या तोंडावर खरोखरीचा आदर होता, लाजल्यासारखा, आणि मंजरीला वाटलं की आपण या मुलाला थोबाडीत मारू किंवा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू, दोन्हीपैकी काहीही होऊ शकतं.

"सिलुंगला गेला होतात?"

"टीम गेली होती, मॅडम."

"तुम्ही?"

"रस्ता खचला होता. पण समोरच्या डोंगरावरून नदी दिसते. फोटो आहेत. सूचना चिकटवल्याचा मुचुल्का आहे, साक्षीचा कागद, त्यावर लोकांचे अंगठे आहेत."

"सूचना नदीच्या त्या काठाला चिकटवलीत की या?"

"या. त्या काठाला जायला पूल नाही, मॅडम."

मी निदान नावेत बसले होते, असा एक विचार तिच्या मनात आला आणि आल्याआल्या त्याची तिला शिसारी आली, कारण त्यात किंचित अभिमान होता. पंथीने कोटातून दुमडलेलं पान काढलं, दोनशे चौदा, नवीन छापलेलं, अजून कोमट. "मासा काढला नाही आम्ही. काढला असता तर विचारलं असतं, आधी का होता. म्हणून असं केलंय." त्याने बाराव्या ओळीखालची टीप दाखवली. रुंचे: ही जात पूर्वी आढळत असे. स्थानिक वृद्धांच्या सांगण्यानुसार गेल्या दहा वर्षांत दिसलेली नाही. प्रस्तुत नदीतून ती नामशेष झाली असे मानता येते. सबब, प्रकल्पामुळे या जातीवर कोणताही अतिरिक्त परिणाम संभवत नाही.

मंजरीने ते दोनदा वाचलं. नामशेष. कधी जन्मालाच न आलेली ती एक वीत मासळी, बायांच्या हसण्यातून निघालेली, आता मेली होती. आणि काय वेडेपणा, तिच्या छातीत अगदी खरंखुरं दुःख भरून आलं, घरातलं माणूस गेल्यासारखं. जणू एवढी वर्षं ती कुठेतरी हिरव्या पाण्याच्या तळाशी होतीच, आणि आजच, या कोमट कागदावर, गेली. माझीबगर गेलं तेव्हा मंजरी रडली नव्हती. चारशे सत्तर घरांसाठी सकाळपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आणि आता एका चेष्टेसाठी डोळ्यांसमोरची अक्षरं वाकडी व्हायला लागली.

"ठीक आहे ना, मॅडम?" पंथीने विचारलं.

घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. खोलीत सफरचंदांचा वास पसरला होता. बाहेर पतंग कटला असावा, कारण भिंतीपलीकडच्या गल्लीतून पोरांचा एकच गलका आला नि विरला. मंजरीने पेन घेतलं, टिपणीवर लिहिलं, अहवाल समाधानकारक आढळला, सहमत, आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, शेवटची वेलांटीसुद्धा चुकली नाही. हात इतका निमूट असतो याचं तिला नवल वाटलं. पंथीने दोन्ही हात जोडले, हिक्मतजींनी टिपणीवर शिक्का मारला, आणि ती पर्स उचलून खाली आली.

जिना, व्हरांडा, अंगण. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम केला, दसैंच्या शुभेच्छा दिल्या. ती बाहेर पडली आणि रस्ता ओलांडायला थांबली. मोटारसायकली जात होत्या, मागच्या सीटवर बांधलेली बोकडं शहाण्या मुलांसारखी इकडेतिकडे बघत होती. आलं आणायचं होतं. डाव्या हाताला काहीतरी खरखरीत लागलं म्हणून तिने पाहिलं तर शिरीषाचा बुंधा होता. ती त्याच जागेवर उभी होती. सोळा वर्षं ती रोज या फाटकातून ये-जा करत होती, पण या झाडाशी थांबली कधीच नव्हती. आपसूक दोन पावलं लांबून जायची. तिने मान वळवून वर पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाहिलं.

दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. झाडाच्या फांद्या बरोबर तेवढी जागा सोडून दोन्हीकडे गेल्या होत्या, जणू कुणी पडदा सारून धरला होता. आत हिक्मतजी खिडकीशी येऊन उभे होते. त्यांची टोपी दिसत होती. टोपीवरची नक्षी दिसत होती. कानात घातलेली पेन्सिल दिसत होती, आणि ती गोल गोल फिरत होती तेही.

मंजरी तशीच उभी राहिली. बुंध्याला धरलेला हात तिला सोडवेना. दीड तास. तो इथे उभा होता आणि ती तिथे, आणि तो बघत होता. न बसता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, पण त्याने मारली नव्हती. त्याने फक्त छातीशी धरलेलं ते काय होतं ते धरून ठेवलं होतं, ती दिसत असताना, ती बघते आहे हे त्याला दिसत असताना. सगळं शरीर तिला एकदम नको झालं, पाय, बूट, सही करणारा तो हात. कुणीतरी हॉर्न वाजवला. तिच्या लक्षात आलं की आपण रस्त्याकडे पाठ करून उभ्या आहोत.

"मॅडम, कचेरी सुटली," पहारेकरी म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि आत गेली.

हिक्मतजी कुलूप शोधत होते. "माणसं दसैंला घरी जातात. तुम्ही ऑफिसात येता?"

"फाइल द्या."

"वर गेली. सरांनी सही केली आणि घरी पण गेले. छुर्पी तेवढी राहिली आहे टेबलावर."

ती खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती. "कोरा कागद आहे?"

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, टोमणा जिभेवर आला होता तो गिळला आणि कागद दिला. तिने लिहायला सुरुवात केली. रुंचे नावाचा मासा सिलुंग नदीतून नामशेष झालेला नाही, कारण तो कुठल्याच नदीत कधी नव्हता. थाक्ले नदीचे नावाडी सेते माझी, राहणार माझीबगर, यांनी तो संवत दोन हजार सत्तावन्नच्या चैतात चेष्टेत सांगितला. चेष्टा आहे हे ठाऊक असून मी तो तक्त्यात लिहिला. पुढील सात अहवालांत तो तिथूनच आला आहे. सिलुंगवर कुणी गेलेले नाही. तिथले मासे, झरे, घरे कुणी मोजलेली नाहीत. आज मी दिलेली सहमती चुकीची आहे. राहणार माझीबगर लिहिताना पेन किंचित अडलं, ती रेघ आली, आणि तिच्यावरूनच अक्षरं गेली.

हिक्मतजींनी उभ्यानेच वाचलं. पेन्सिल कानामागे खोचली. "हे दर्ता करायचं? रजिस्टरला एकदा नंबर पडला की पान फाडता येत नाही."

"करा."

"उद्या अकरा वाजता हे कुणी बघणार नाही. टाचणी टोचून झाली आहे."

"माहीत आहे."

"नोकरी जाईल असं नाही म्हणत मी. पण बढतीची ती यादी विसरा. आणि तो पोरगा, पंथी, रडेल बिचारा." त्यांनी कागद उलटसुलट केला, उगीचच. मग रजिस्टर उघडत म्हणाले, "वाचत कुणी नाही, मॅडम. बावीस वर्षं मीही बघतोय. पण उतरवून सगळे घेतात."

तिने मान वर केली. मग कागद परत मागून घेतला आणि मजकुराखाली पट्टीने रेघा मारायला लागली. आडव्या, एकाखाली एक. उजेड कमी होत चालला होता, बाहेरचे पतंग पोरांनी उतरवून घेतले होते, आभाळ नुसतं मोकळं पडलं होतं. तिने रकाने पाडले. नाव, लांबी, सामान्य की दुर्मिळ. डोक्यावर लिहिलं, सिलुंग नदीतील मासे. खाली एकपासून बारापर्यंत आकडे घातले आणि पेनचं टोपण लावलं.

"मॅडम, तक्ता भरायचा राहिलाय," हिक्मतजी म्हणाले.

"नाही राहिलेला."

त्यांनी त्या बारा रिकाम्या ओळींकडे बराच वेळ पाहिलं. मग शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि बाराव्या ओळीच्या खाली, जपून, ओळीला लागणार नाही असा, नंबर मारला.